कोरडे तांदूळ

आमच्या घरी भात क्वचित शिजायचा. वऱ्हाड हा ज्वारीचा मुलूख. सणावाराला, नाहीतर जावई येणार असला की मोठी माय फळीवरचं मडकं काढायची आणि त्यातले तांदूळ पदरात घ्यायची, अन् त्या नुसत्या आवाजानं आम्ही पोरं चुलीपाशी घोटाळायला लागायचो. तरीपण आज नातसून सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली, की मला ते शिजल्याचा वास आठवत नाही. माझी जीभ टाळूला चिकटते. ती म्हणते, "आजी, पाणी देऊ का?" मी म्हणते, दे बाई. ती बिचारी समजते की आजीला साखर झाली असेल. आता लिहायलाच बसले आहे तर तेही सांगून टाकते. एकदाच सांगेन, परत कुणी विचारू नये.

वाशीमच्या कडेला आमचा मळा होता. मळ्याच्या एका टोकाला मातीचं घर, दुसऱ्या टोकाला विहीर, आणि मध्ये वांगी, मिरची, कोथिंबीर, कांदा, जे त्या हंगामात असेल ते. माझे बाबा मोट हाकायचे. पहाटे डोळा उघडायचा तो मोटेच्या चाकाच्या कुरकुरीनं, आणि त्या कुरकुरीवर बाबांचं गाणं असायचं. गळा काही फार चांगला नव्हता, पण बैलांना त्याची सवय होती. बाबा गप्प झाले की बैलही विहिरीच्या उतारावर, धावेवर, मधेच उभे राहायचे. मोट विहिरीच्या काठच्या थारोळ्यात रिकामी झाली की पाणी पाटानं धावत यायचं, आणि माय वाफ्याच्या तोंडाशी फावडं घेऊन उभी असायची. घराचा कारभार बाबांच्या थोरल्या भावाकडे. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. ते भाजीची बैलबंडी घेऊन बाजारात जायचे, आणि घरात त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही. त्यांची बायको ती मोठी माय. तिच्या दोन्ही लेकी लग्न होऊन गेल्या होत्या, म्हणून तिची सगळी माया आणि सगळा तोंडाचा पट्टा आमच्या वाट्याला यायचा.

माझी माय किन्हीराजा गावची, कोरडवाहूवाल्याची लेक. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाफ्यात पाणी धरता येत नव्हतं म्हणतात. मोठ्या मायनं तिला हाताला धरून शिकवलं. वाफ्यात पाय टाकायचा नाही, बांधावरून चालायचं, जुडी बांधताना मुळं झटकायची, सगळं तिनंच. दोघी जावा दुपारी लिंबाखाली बसून तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायच्या. वर जवसाची चटणी, भाकर, हातानं फोडलेला कांदा. मी आता बरंच काही खाल्लं आहे, लेकानं मोठमोठ्या हॉटेलात नेलं आहे, पण त्या भरताची बरोबरी कशालाच नाही, आणि यावर मी वाद घालणार नाही.

त्या उन्हाळ्यात माझा भाऊ गणू पाळण्यात होता, अजून नुसत्या दुधावर. पाळणा म्हणजे लिंबाच्या फांदीला बांधलेलं जुनं लुगडं. मायला दूध इतकं होतं की गणू लिंबाखाली रडायला लागला की तिकडे वाफ्यात उभ्या असलेल्या मायची चोळी भिजायची. ती फावडं टाकून पळत सुटायची आणि मागून मोठी माय ओरडायची, "पाह्य वं, फुटली हिची मोट." माय लाजायची. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटायचं नाही. लेकरू रडलं की आईला पान्हा फुटतो, सूर्य उगवतो तसं ते चालतच राहणार, असं मला वाटायचं.

मोठ्या मायच्या गळ्यात सोन्याच्या मण्यांची एकदाणी असायची. घरातलं काय ते सोनं तेवढंच. एके दिवशी तिनं न्हायला काढलं. थारोळ्याजवळच्या दगडावर ती बसली, आणि माय शिकेकाईनं तिचे केस धूत होती. केस लांब, एकटीला धुता यायचे नाहीत, म्हणून हे काम नेहमी मायचंच. एकदाणी गळ्यातून काढून ठेवली. कुठं ठेवली यावरच पुढं सगळं रामायण झालं. गणू रडला म्हणून माय मधेच त्याला घ्यायला गेली, परत आली, केस पिळले, झालं. दिवस कलल्यावर मोठ्या मायचा हात सवयीनं गळ्याशी गेला, आणि गळा मोकळा. आधीच सांगून टाकते, ती एकदाणी आजवर सापडलेली नाही. थारोळ्यातला गाळ काढला, पाट खरवडला, भाजीच्या टोपल्या उलट्या केल्या, बैलांच्या गव्हाणीतसुद्धा हात घालून झाले. माझ्या मते ती पाटाच्या पाण्याबरोबर गेली आणि कुठल्यातरी वाफ्याच्या पोटात बसली. पण माझं मत तेव्हा कोण विचारतो?

मोठे बाबा ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "बाहेरचं कोनी आलं नाई. म्हंजे घरातलंच हाय." त्यांनी मायकडे पाहिलंही नाही. पाहायची गरजच नव्हती, कारण त्या वेळी तिथं दुसरं कोण होतं? दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळच्याच मालेगावकडच्या एका खेड्यातून भगताला आणवलं. आमच्याकडे तेव्हा चोरी झाली की पोलिसाकडे फारसं कुणी जात नसे. भगत तांदूळ मंत्रून द्यायचा. सगळ्यांनी ते चावायचे आणि त्यानं टाळी वाजवली की पानावर थुंकायचे. ज्याचे ओले तो खरा. ज्याचे कोरडे निघाले तो चोर, कारण देव त्याच्या तोंडातलं पाणी काढून घेतो. जिची वस्तू गेली तिनं मात्र चावायचं नाही, ती फिर्यादी.

सकाळी लिंबाखाली सारवलेल्या जागेवर पळसाची पानं मांडली. ऊद जाळला होता. मोठे बाबा, बाबा, माय, मी, एकेका पानामागे आम्ही बसलो. मोठी माय बाजूला, गुडघ्याशी हनुवटी टेकून. मी मायला चिकटून बसले होते, म्हणून मला तिच्याबद्दल जे कळलं ते समोर बसलेल्यांना कळलं नाही. तिच्या दंडावर काटा उभा होता, भर उन्हाळ्यात. तिचा हात माझ्या हातात होता आणि तळवा इतका घामेजला होता की माझी बोटं निसटत होती. मानेवरची एक शीर टकटक उडत होती. मला स्वतःला लघवीला लागली होती आणि गुडघे आपोआप हलत होते, पण उठायची सोय नव्हती. मंत्र चालू असताना माय एकदाच माझ्या कानाशी बोलली, "वच्छे, मले कसं तरी होऊन राह्यलं." मग भगतानं चिमूट चिमूट तांदूळ प्रत्येकाच्या हातावर ठेवले.

टाळी वाजली. मोठ्या बाबांचे ओले. बाबांचे ओले. माझे तर इतके ओले की पानावरून ओघळ गेला. मायनं वाकून थुंकायचा प्रयत्न केला, थुंकता येईना. तिनं बोटानं तोंडातून काढले. पानावर पांढरा कोरडा भुगा पडला, जात्यातून पडतो तसा.

भगतानं ते पान उचलून मोठ्या बाबांपुढे ठेवलं. मोठे बाबा म्हणाले, "चीज काढून दे. कोनी काई म्हननार नाई." माय म्हणाली, "म्या..." आणि पुढचा शब्द निघेना. जीभच वळेना तिची. ओठ हलत होते. आता माझी नात दवाखान्यात नर्स आहे, ती सांगते की भीती वाटली की अंग पळायची तयारी करतं, रक्त हातापायांकडे धावतं आणि तोंडातली लाळ थांबते, साधी गोष्ट आहे, पहिल्या वर्षालाच शिकवतात. असेल. आमच्या अंगणात त्या दिवशी ती गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. तिथं मायच्या न निघालेल्या शब्दाचासुद्धा पुरावाच झाला. मोठी माय उठून घरात गेली आणि जाताना मायच्या जवळून गेली तरी तिच्याकडे वळली नाही. उरलेले तांदूळ भगतानं फडक्यात बांधून दिले, ते देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला टांगले गेले.

एकदाणी देईपर्यंत चुलीला शिवायचं नाही असं मोठ्या बाबांनी सांगितलं, म्हणून मायनं गणूला घेतलं आणि मळ्याच्या कोपऱ्यातल्या खोपीत जाऊन बसली. पुढचा बाजार झाला की तिला बंडीत घालून किन्हीराजाला सोडून यायचं ठरलं. तिला परत आणायचं कुणी बोललं नाही. बाबा मोट हाकत राहिले. गाणं बंद. बैल धावेवर थांबायचे आणि बाबा त्यांना चाबूक दाखवायचे, जे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे आणि गोठ्यामागे जाऊन ओकायचे. मी ते पाहिलं आहे. पण बायकोच्या बाजूनं एक शब्द? छे.

आणि मग मायचं दूध आटलं. खोपीत गेली त्याच संध्याकाळी गणू स्तनाला लागला, ओढलं, सोडलं, आणि किंचाळला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मायनं पिळून पाहिलं. काही नाही. सकाळी थोडं येईल म्हणाली, सकाळीही नाही. मी शेळीचं दूध आणलं, कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात पिळलं. ते त्यानं ओकून टाकलं, आणि मग पोटाला लागून हिरवं हिरवं व्हायला लागलं. शेजारच्या मळ्यात एक बाळंतीण होती, तिच्याकडे मी धावत गेले. ती दार धरून उभी राहिली आणि तिची सासू आतून म्हणाली, "देवानं जिचं दूध काढून घेतलं तिच्या लेकराले आमी कसं पाजू?" तेव्हा मला कळलं की गावात काय चाललं होतं. आधी तोंडातलं पाणी गेलं, आता छातीतलं दूध. लोकांच्या दृष्टीनं देवानं दुसऱ्यांदा निकाल दिला होता. आणि ही गोष्ट कुणीतरी खोपीपर्यंत येऊन मायला ऐकवली. ऐकवणारे असतातच. त्या दिवसापासून तर तिची छाती नुसती कातड्यासारखी झाली. जितकं लोक बोलायचे तितकी ती भ्यायची, आणि जितकी भ्यायची तितकी सुकायची. या चक्राला कुठून हात घालायचा ते मला कळत नव्हतं.

मी मोटेवर बाबांकडे गेले आणि खरं ते सांगितलं. "बाबा, माह्या तोंडात चिच होती." मला चिंचेचा चिकट गोळा गालात ठेवून चोखायची सवय होती, शिव्या खाऊनही सुटली नव्हती. भगताच्या पानापुढे बसले तेव्हाही तो गालातच होता. म्हणून माझे तांदूळ ओघळले. मीही तर घाबरले होते, तरी ओले निघाले. बाबांनी दोर धरून बैल उभे केले. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना समजलं होतं, मी शपथेवर सांगते की त्यांना समजलं होतं. मग म्हणाले, "दादापाशी बोलू नको हे. देवाची थट्टा केली म्हनतीन." आणि बैल हाकलले. मला बापाचा त्या वेळी जो राग आला तो अजून गेलेला नाही. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी त्यांचं श्राद्धही मनापासून करते, पण राग आहे.

खोपीत माय गणूला मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिला मी भाकर न्यायचे, ती चावायची आणि घास तोंडात तसाच फिरत राहायचा, गिळला जायचा नाही. पाणी समोर भरून ठेवलं तरी ती आपणहून घ्यायची नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी तिनं चोळी सोडून दोन्ही मुठींनी स्वतःची छाती बडवायला सुरुवात केली, मी हात धरले तर मलाही ढकललं. मग थकून म्हणाली, "माहं आंगच माह्यावर उलटलं वं, वच्छे. दुसऱ्याले काय बोल लावू?" थोड्या वेळानं तिनं माझा दंड घट्ट पकडला आणि अगदी हळू विचारलं, "म्या घेतली तं नसंन ना वं? झोपेत, नाईतं भान नसताना? कुठं ठेवून देल्ली असंन?" ती खरंच विचारत होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, मी काय सांगते ते पाहायला. माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. मी म्हणाले, "नाई माय. तू नाई घेतली." पण मी होते एवढीशी. माझ्या म्हणण्यानं तिचं काय होणार?

बाजाराच्या दिवशी दोघे भाऊ बंडी घेऊन गेले. गणूचं रडणं थांबलं होतं. आधी मला हायसं वाटलं, मग मी त्याच्याजवळ वाकले. टाळू खोल गेली होती, हात ठेवला तर बोट बुडेल अशी. ओठांना साल आली होती. तो रडायचं तोंड करायचा, पण आवाज नाही आणि डोळ्यांत पाणीही नाही. माय त्याच्याकडे पाहत नव्हती. ती खोपीच्या कुडाकडे पाहत बसली होती. मी उठले आणि घराकडे पळाले.

मोठी माय चुलीपुढे बसली होती. भाकरीचं पीठ मळलेलं परातीत तसंच, वर कवच धरलेलं, आणि चूल विझलेली. त्या दिवसांत ती एकदाही खोपीकडे आली नव्हती. मी म्हणाले, "मोठी माय, गणू आता रडत बी नाई." ती उठली, पुन्हा बसली. "शेळीचं दूध..." म्हणाली. मी म्हणाले, "ते राह्यत नाई पोटात." मग माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मी खुंटीवरचं फडकं ओढलं, गाठ सोडली आणि तांदूळ तिच्यापुढे धरले.

"चाव."

"माही चीज गेली. म्या कायले चावू?"

"चाव म्हन्तो नं."

एरवी तिनं माझं थोबाड रंगवलं असतं. पण तिनं चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले. तिचा जबडा हलत होता आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी टाळी वाजवली नाही, मला ते सुचलंच नाही. तिनं हातावर काढले. कोरडा भुगा. "जुने असतीन," ती पुटपुटली, आणि पुन्हा चिमूट घेतली, या वेळी जास्त. गालाशी जीभ फिरवत, जोर लावून चावले. पुन्हा हातावर भुगाच. ती त्याकडे पाहत राहिली.

"तुहे तं लय ओले होते," ती म्हणाली.

"माह्या गालात चिच होती."

तिनं तोंड विझलेल्या चुलीकडे फिरवलं. मग त्या चुलीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "म्या तं काई चोरलं नाई."

आणि ती उठली. मूठ तशीच मिटलेली, पायात काही नाही, डोक्यावरचा पदर खाली आलेला. बांधावरून गेली नाही. जिनं आम्हाला वाफ्यात पाय टाकला म्हणून फटके दिले होते ती कोथिंबिरीचे भरलेले वाफे तुडवत सरळ खोपीकडे निघाली. मी मागून धावत होते आणि तिच्या टाचांखाली चिरडलेल्या कोथिंबिरीचा वास येत होता.

खोपीत वाकून शिरली ती तशीच मायपुढे बसली आणि मूठ उघडली. "रुखमे, हे पाह्य. माहे बी कोरडेच निंघाले."

मायला काही उमजलं नाही.

"भेव वं," मोठी माय म्हणाली. "लेकरू हातचं जाईन म्हून मले भेव वाटलं, तं माहं तोंड सुकलं. तुलेबी भेवच होतं. दुसरं काई नव्हतं. तू नाई घेतली."

माय म्हणाली, "बाई..."

"तू नाई घेतली. म्या सांगतो नं. घरधन्याले बी, गावाले बी, त्या भगताले बी म्याच सांगीन. तू नाई घेतली, रुखमे."

मायचा चेहरा आधी नुसता आकसला. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला, आणि डोळ्यांतून पाणी आलं. खोपीत आल्यापासून तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. ती मोठ्या मायच्या मांडीत तोंड खुपसून रडली, आणि मोठी माय एका हातानं तिची पाठ चोळत राहिली. मग तिनंच गणूला उचललं, मायला सरळ बसवलं आणि पोराला छातीशी धरलं. गणूनं तोंड उघडलं नाही. मोठ्या मायनं बोट पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवर फिरवलं, गालाला लावलं, नाव घेऊन हाक मारली. त्याचे ओठ नुसते टेकले. ओढायचा जोर त्याच्यात नव्हता. मी कुडाला पाठ लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, उशीर झाला.

मोठ्या मायचं लक्ष आधी गेलं. मायची दुसऱ्या बाजूची चोळी ओली होत होती. आधी अधेलीच्या नाण्याएवढा डाग, मग तळहाताएवढा. मोठ्या मायनं तोंड उघडलं, नेहमीचं ते मोट फुटल्याचं बोलायला असावं, पण तिला बोलता आलं नाही. इकडे गणूच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरी धार खाली उतरली, कारण तो ओढत नव्हता तरी दूध आपणहून येत होतं. मग त्याच्या गळ्याशी काहीतरी हललं. त्यानं एक घोट गिळला. खोपीत इतकं शांत होतं की तो घोट मला ऐकू आला. थोड्या वेळानं दुसरा.

मायनं डोळे मिटले होते. ती म्हणाली, "बाई, मले पानी द्या वं. लय तहान लागली."

मोठ्या मायनं चंबू उचलून तिच्या तोंडाला लावला. माय घटाघटा प्यायली, हनुवटीवरून पाणी गणूच्या अंगावर सांडलं, तरी थांबली नाही. चंबू रिकामा झाला तर म्हणाली, अजून. मी विहिरीकडे धावले आणि भरून आणला. मोठ्या मायनं तोही तिच्या तोंडाला लावला, डाव्या हातानं, कसाबसा, कारण तिच्या उजव्या मुठीत ते तांदूळ अजून तसेच होते.